उघडा सांधा

मिरजेत मला खोली मिळाली ती एका अटीवर. मटण-मासे शिजवायचे नाहीत, हे जैन घरात मी गृहीतच धरलं होतं. अट वेगळीच होती. घरमालक जिन्यात उभे राहून म्हणाले, "सिष्टर, लाकडाची कुठलीबी वस्तू मोडली तर टाकायची न्हाई. खाली आणून द्यायची. लाटणं म्हणा, झाडूचा दांडा म्हणा."

"आणि कुल्फीची काडी?" मी चेष्टेनं विचारलं.

"ती धुऊन द्यायची," ते म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते.

मी मूळची कोरेगावची. मिरजेत डोळ्यांच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि मी या माणसाच्या माडीवर येऊन पडले. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. त्यांच्या वडिलांची लाकडाची वखार होती, तिचं आण्णांनी दारं-खिडक्यांचं वर्कशॉप केलं होतं. खाली पुढच्या बाजूला वर्कशॉप, मागे त्यांचं राहतं घर आणि वर माझी खोली. मालक असूनही सकाळी सगळ्यांच्या आधी रंधा त्यांच्याच हातात असायचा. अंगात बनियन, कानावर पेन्सिल आणि भुवयांवर कायम भुसा. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जाताना ते धुतलेलं धोतर नेसायचे, पण भुवया झटकायच्या तेवढ्या राहून जायच्या.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात उरलेल्या तुकड्यांच्या तीन मोठ्या पेट्या होत्या. एक कामाच्या तुकड्यांची, दुसरी बिनकामाच्या आणि तिसरी 'बघू' म्हणून ठेवलेल्यांची. बिनकामाची पेटी मी कधीच भरलेली पाहिली नाही. 'बघू'ची ओसंडून वाहायला लागली की वरचे तुकडे त्या रिकाम्या पेटीत जायचे. 'बघू' हा आण्णांचा आवडता शब्दच होता. लग्नाला येणार का, बघू. नळ गळतोय, बघू. माझ्या खोलीतला पंखा करकरतो म्हणून मी तक्रार केली तेव्हाही बघूच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र मी ड्यूटीवर असताना तो गुपचूप दुरुस्त झालेला होता.

दुसऱ्या वर्कशॉपांतून तुकडे बंबात जातात, नाही तर हॉटेलवाल्याच्या भट्टीत. आण्णांकडे काडीसुद्धा जळायची नाही. चिकटपणा म्हणावा, तर तसंही नव्हतं. दारी आलेल्याला ते मागितलेल्यापेक्षा जास्त द्यायचे. कारण वेगळं होतं. "लाकडात जीव असत्यात, सिष्टर. आत बसल्यात बिचारी, दार लावून. आपण बाहेरनं काडी लावायची व्हय?" प्रत्येक तुकडा ते आधी दगडावर आपटून बघायचे, कानाला लावून ऐकायचे. भुंग्यानं पोखरलेला निघाला की तो परसातल्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवायचे. तिथं एक भला मोठा ढीग झाला होता. त्याला मी जनरल वॉर्ड म्हणायची. आण्णांनी ते नाव इतकं मनावर घेतलं की पुढे पुढे त्यांचे मिस्त्रीही विचारायला लागले, "आण्णा, ह्यो ॲडमिट करायचा का घरी सोडायचा?"

हे मिस्त्री म्हणजे त्यांचे वर्कशॉपमधले जुने सोबती. दोघांचं दिवसभर भांडण चालायचं आणि दुपारचा डबा एकाच फळीवर उघडायचा.

बाकीच्या तुकड्यांचं आण्णा काय करायचे ते सांगायला लागले तर संपायचं नाही. करवतीच्या पात्यापाशी लाकूड ढकलायला ते हाताऐवजी खाच पाडलेला तुकडा वापरायला लावायचे. "ह्यो गेला तर दुसरा हाय. बोट गेलं तर मी पेटीतनं काढून देऊ काय?" भोक पाडताना खाली एक तुकडा, म्हणजे मागच्या बाजूला लाकूड फाटत नाही. सांधा ठोकून बसवताना हातोडी आणि दार यांच्यामध्ये एक तुकडा. त्या तुकड्याचा त्यांना विशेष लळा होता, त्याचं मार खाऊन खाऊन पार चिपाड झालं तरी ते त्याला फेकायचे नाहीत. अरुंद पट्ट्या सरसानं एकमेकींना चिकटवून पोळपाट व्हायचे, एक पट्टी काळी, एक पिवळी. जाड ठोकळ्यांचे कपाटाचे पाय, बारक्यांच्या खुंट्या, त्याहून बारक्यांच्या पाचरी. सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीतून ते तुणाच्या लाकडाचे लालसर तुकडे मागून आणायचे आणि त्यांची उदबत्तीची घरं करायचे. भुसा मशरूमवाला घेऊन जायचा, रंध्याच्या साली बांगडीवाला न्यायचा, बांगड्या फुटू नयेत म्हणून.

या सगळ्याचा निम्मा माल घरातच जिरायचा. त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. त्यांच्या स्वयंपाकघरात गरम भांडं ठेवायला लाकडी बैठक, चमचे अडकवायला खुंट्या, गुडघे दुखतात म्हणून उंच केलेला पाट, डब्यांची झाकणं, सगळं तुकड्यांतून झालेलं. आक्का मला म्हणायच्या, "ह्या घरात मलाच तेवढी तुकड्यातनं केली न्हाई बघ, पोरी. बाकी समदं जोडकाम हाय."

आता आण्णांच्या सांध्यांविषयी सांगायलाच हवं. दोन लाकडं जोडली की त्यांच्यामधून केस जाता कामा नये, असा त्यांचा कायदा होता. तोंडानं सांगायचा कायदा नव्हे, ते खरंच केस घालून बघायचे. स्वतःच्या डोक्यावर फारसे उरले नव्हते, म्हणून मिस्त्रींचा उपटायचे. मिस्त्री "आयाय" करून ओरडायचे, आण्णा केस सांध्यावर टेकवायचे, तो आत गेला नाही की खूश होऊन मिस्त्रींच्याच पाठीवर थाप मारायचे. त्यांचा मुलगा लहानपणी शाळेतून आला की आधी डोक्यावर टोपी घालायचा म्हणे. एकदा सांगलीला कुणाच्या तरी घरभरणीला आम्ही सगळे गेलो होतो. पंगत बसली आणि आण्णा गायब. शोधलं तर यजमानांच्या देवघराच्या चौकटीवरून बोट फिरवत उभे. "कुणी केलीया?" म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत मान हलवली. त्या दिवशी त्यांना जिलेबी गोड लागली नाही.

इतकी नजर असलेल्या माणसाला घरातली एक गोष्ट मात्र बरेच दिवस दिसली नाही.

ती मला दिसली, कारण माझं कामच ते होतं. आक्का चहा गाळताना कपाच्या बाहेर गाळायला लागल्या. दारातून जाताना चौकट चाचपायला लागल्या. एक दिवस दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बस्तीतून आल्या आणि हसून म्हणाल्या, "आमच्यात आता ही फ्याशन हाय." मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. काचबिंदू होता, आणि तो बराच पुढे गेलेला होता. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, आणि तीही फार दिवस टिकेल असं नाही. आण्णा टोपी हातात धरून ऐकत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तिला ठावं हुतं व्हय, सिष्टर?"

"असणार," मी म्हटलं.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

याचं उत्तर रिक्षात आक्कांनीच दिलं. "तुमाला सांगून तुमी काय केलं असतं? तुकडा थोडाच हाय जोडायला?"

वर्षभरात उजेड आणि अंधार एवढंच काय ते उरलं. आणि एका सकाळी स्वयंपाकघरातून परसात उतरायच्या पायरीवर आक्का पडल्या. हाड मोडलं नाही, पण मनगट असं सुजलं की पंधरवडाभर त्यांना भाकरी थापता आली नाही. मुलगा शिरवळहून धावत आला. तिथल्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता, चौथ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, बायको-मुलं, सगळं नीट. चांगला मुलगा होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत मुलगा नेहमी वाईट निघतो.

"आण्णा, बास झालं आता," तो म्हणाला. "वर्कशॉप मिस्त्रींना चालवू द्या. तुम्ही दोघं माझ्याकडं चला."

"मी न्हाई येणार," आक्का म्हणाल्या. "तिथं कुठं काय हाय, मला कसं कळंल? नुसती खुर्चीत बसून ऱ्हाईन बघ. हितं मला दिसत नसलं तरी माझं घर हाय."

"आणि परत पडलीस तर? आण्णा पुढं कामात. ऐकायला तरी येईल का कुणाला?"

पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेवा, असं सांगून तो गेला. आक्का त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायलाही बसल्या नाहीत. त्यांच्याकडे नंतर जेवत नाहीत, तेव्हा त्या उपाशीच झोपल्या. चुलीसमोर बसून भिंतीवरून हात फिरवत होत्या, जणू निरोप घेतच होत्या. मला ते बघवेना, मी वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी गिऱ्हाइकांची दारं भिंतीला टेकवून ठेवली आणि तिन्ही पेट्या अंगणात उलट्या केल्या.

घरभर भिंतीला कंबरेच्या उंचीवर एक धरायची दांडी लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं. स्वयंपाकघर, तिथून देवघर, मग ती मागची पायरी, मग न्हाणी. मिस्त्री म्हणाले, "आवं आण्णा, सलग सागवान लावू की. आपल्याकडं हाय. दोन दिवसात हुतंय."

"सलग लाकडावर तिला कळायचं कसं, कुठं आले ते?" आण्णा म्हणाले. "जागेजागेला लाकूड बदलायचं. चुलीपाशी सागवान. देवघराला तूण. पायरी आली की बाभूळ. न्हाणीला शिसम. हात बदलला की जागा बदलली."

मला ती कल्पना इतकी आवडली की मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले. आण्णा कामाला लागले ते असे की गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून थकले. वीत-वीत, हात-हात लांबीचे तुकडे जोडून दांडी पुढे सरकत होती. सांधे असे की मिस्त्रींच्या डोक्यावर दोन-चार ठिकाणी उजाड दिसायला लागलं. वरून पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक पेपर, मग मेण, मग सुती फडकं. शेवटी आण्णांनी मला बोलावून दांडीवरून कापसाचा बोळा फिरवायला सांगितला. एक तंतू अडकला नाही. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

"आता चाल," ते आक्कांना म्हणाले.

आक्कांनी दांडीवर हात ठेवला. "लय गुळगुळीत झालंय वो," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. आण्णा बाजूनं चालत होते, हात पाठीमागे बांधून. आक्का थोडं पुढे गेल्या आणि थांबल्या.

"मी कुठं आले?"

"आगं, बाभूळ लागली की! पायरी हाय म्होरं!"

आक्कांनी हात मागे नेला, पुढे नेला, परत मागे नेला. "मला समदं एकच लागतंय."

"एकच कसं? ही बाभूळ बघ की कशी तांबूस, आणि हे सागवान पिवळं, आणि ही शिसम काळी..." रंग सांगता सांगता आण्णांनी आक्कांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. लाकडं वेगवेगळी होती ती डोळ्यांना. हाताला जो काही फरक लागला असता, तो आण्णांनी आयुष्यभराची कला पणाला लावून घासून, पुसून, मेण लावून नाहीसा केला होता. आण्णा पायरीवर बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मुलगा यायला आता थोडेच दिवस उरले होते.

आक्का मात्र दांडी चाचपत मागे येत होत्या. देवघराच्या कोपऱ्यापाशी त्यांची बोटं दांडीच्या खालच्या अंगाला वळली आणि अडली.

"हितं काय हाय? काय तरी बोचतंय."

आण्णा उठून वाकले. मिस्त्रींनी मान खाली घातली. लाकूड तासायची पटाशी निसटून खालच्या बाजूला एक टवका उडाला होता आणि सांधा जरासा उघडा राहिला होता. वरून दिसत नव्हता म्हणून मिस्त्रींनी तसाच दडपून ठेवला होता.

"मिस्त्री!" आण्णा कडाडले.

"आवं, त्यांना काय बोलू नका," आक्का म्हणाल्या. "ह्यो देवघराचा कोपरा न्हव? व्हय की. बरोब्बर. ह्यो एवढा सांधा मला कळला बघा. बाकी तुमचं काम लय चांगलं हाय, तीच आडचण हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी पटाशी मिस्त्रींच्या हातात दिली. "तूच कर. समदं सांधं उघड. माझा हात उठत न्हाई."

मिस्त्री पटाशी घेऊन पुढे झाले, तोवर आक्का दारात आल्या. "दुसऱ्याच्या हातनं कशाला? तुमीच करा. रोज मला त्याच्यावर हात ठिवायचाय."

मग आण्णांनी केलं. इतकं संथ काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चुलीपाशी सागवानाला आडव्या खाचा पाडल्या. देवघराचा सांधा बोट बसेल इतका उघडला. पायरीच्या आधी बाभळीचा तो घासलेला तुकडा काढून टाकला आणि 'बघू'च्या पेटीतला गाठींचा, रंधाही न लागलेला, बाभळीचाच एक ओबडधोबड तुकडा बसवला. न्हाणीपाशी शिसमाला कंगोरे ठेवले. प्रत्येक घावाला ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मी जवळ जाऊन ऐकलं तर "माफ कर" असं म्हणत होते, आणि ते लाकडाला होतं. डोळे पुसायला त्यांनी बनियनचं टोक वर ओढलं, तर भुवयांचा भुसा डोळ्यांत गेला आणि मग मोकळेपणानं पाणी यायला कारणच मिळालं. मला त्यांची फार दया आली, आणि आक्कांचा हेवाही वाटला. माझ्यासाठी कुणी आपलं काम असं बिघडवेल का, असं मनात आलं, ते खोटं कशाला सांगू?

मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा सामान बांधलेलं नव्हतं. तो काही बोलणार, एवढ्यात आक्का उठल्या, दांडीवर हात ठेवून स्वयंपाकघरात गेल्या, तिथून परसात पायरी उतरल्या, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि पायरी चढून परत आल्या. गाठींच्या तुकड्यापाशी त्यांचा हात क्षणभर थांबला, पाय पुढे गेला, बस. कुणी धरलं नाही, कुणी "जपून" म्हणालं नाही. पाणी प्यायच्या आधी मुलगा दांडीपाशी गेला. तोही याच वर्कशॉपमध्ये वाढलेला. त्यानं देवघराच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि दचकून बापाकडे बघितलं.

"आण्णा, सांधा उघडाय हितं. केस काय, बोट जातंय."

"व्हय," आण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे तसाच."

मुलानं सगळी दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं तपासली. मग पाणी प्यायला आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन शिरवळला गेला.

पुढे मला साताऱ्याला सरकारी नोकरी लागली आणि मी मिरज सोडली. जाताना आण्णांनी मला एक पोळपाट दिला, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, तो अजून रोज वापरते. फोन व्हायचे. मग एक दिवस मिस्त्रींचा फोन आला, आण्णा गेल्याचा. सकाळी रंधा मारताना दम लागला म्हणून बसले, ते बसल्या जागीच. मी भेटायला गेले तेव्हा आक्का शांत होत्या. मुलानं पुन्हा विचारलं होतं, त्यांनी पुन्हा नाही म्हणून सांगितलं होतं. वर्कशॉप मिस्त्री चालवतात, त्यांची बायको दिवसभर ये-जा करते, मुलगा सुट्टीच्या दिवशी येतो.

गेल्या महिन्यात सांगलीला लग्न होतं म्हणून मी वाट वाकडी करून मिरजेला गेले. मुलगा आलेला होता आणि हातात पटाशी घेऊन दांडीपाशी वाकून बसला होता. मला बघून म्हणाला, "सिस्टर, हात लावून बघा." मी लावला. चुलीपाशीच्या खाचा भरून आल्यासारख्या बुजल्या होत्या. उघड्या सांध्याच्या कडा विरघळल्या होत्या. पायरीपाशीच्या बाभळीच्या गाठी नदीतल्या गोट्यासारख्या झाल्या होत्या. आक्कांच्या तेलकट तळव्यानं इतक्या वर्षांत सगळी दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत झिजवून चकचकीत केली होती. कुठे काही लागतच नव्हतं.

"परत खाचा पाडतो," मुलगा म्हणाला. "न्हाईतर पडायची ही."

आक्का आतून आल्या. दांडीवरून हात घसरत आला, आमच्यापाशी थांबला आणि मुलाच्या हातातली पटाशी त्यांनी चाचपून काढून घेतली.

"काय करू नकोस. घर माझ्या पायांना पाठ झालंय, मला आता खाचा लागत न्हाईत," त्या म्हणाल्या. "ह्यांना दांडी अशीच पायजे हुती, गुळगुळीत. माझ्यासाठी बिघडवली हुती. आता झालीया त्यांच्या मनासारखी, तर ऱ्हाऊ दे."

आणि दांडीवरचा हात न उचलता त्या चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.